मी पोलिसांच्या बजेटालाच हात घातला

मी मूळची नागपूरची, महाल भागातली. लग्न झालं, ह्यांना अमेरिकेत, मिनिआपोलिसकडे नोकरी लागली, तर सोबत आली. इथल्या शाळेच्या कॅफेटेरियात कितीतरी वर्षांपासून पोरांना जेवण वाढून राहिली. भांडण माहीत नव्हतं मला, कोणी धक्का दिला तर मीच सॉरी म्हणायची. आता इथल्या मराठी मंडळात म्हणतात, काकू फार कडू बोलतात. बोलतेच.

आमचा निखिल एकुलता एक. कॉलेजात असताना त्याला आवाज ऐकू यायला लागले, कोणी नसताना. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, बरा राहायचा, मधूनच बिघडायचा. त्या सकाळी बर्फ पडून होता आणि हा अनवाणी ड्राइव्ह-वेवर, हातात बर्फ ओढायचं फावडं, स्वतःशीच मोठ्यानं बोलून राहिला. हे ऑफिसात. मी इमर्जन्सीला फोन केला, म्हटलं मुलगा आजारी आहे, डॉक्टर पाठवा, नीट इंग्लिशमध्ये सांगितलं. आले कोण, तर पोलीस. त्यातला एक उंच, लाल मिशीचा, ओरडून राहिला, फावडं टाक, फावडं टाक. निखिलच्या डोक्यात आधीच इतके जण ओरडत होते, याचं कुठून ऐकू येईल त्याला? मी धावली, ही इज सिक, ही इज सिक, तर मला म्हणे मॅम, मागे व्हा. आणि पाडलं नं बाप्पा त्याला. पाठीवर गुडघा. खांदा मोडल्याचा आवाज मी ऐकला. काय सांगू तुम्हाला, आई गं, आई गं करत होता तो, आणि मी हातभर अंतरावर.

चौकशी झाली, सगळं नियमाप्रमाणे होतं म्हणे. वकील म्हणाला केस टिकणार नाही. हे म्हणाले, सोड मंदा, परक्या देशात पोलिसांशी वैर नको. मी म्हटलं, वैर मी नाही लावलं.

कॅफेटेरियात माझ्या बाजूला ग्लोरिया काम करते, ब्लॅक आहे, तिच्या भाच्याचंही असंच झालेलं. ती म्हणाली, अगं, पोलिसांचा जीव सिटीच्या बजेटात असतो, तिथं धर. दरवर्षी सिटी कौन्सिल, म्हणजे आपली नगरपालिका, ते पास करते, गावातलं कोणीही जाऊन बोलू शकतं. मग काय, मी जायलाच लागली. पोलिसांच्या चीफला चिलखती गाडी पाहिजे होती, वरून आणखी पोलीस. आम्ही म्हटलं, ते नको, त्याच पैशात नर्स ठेवा, काउन्सेलर ठेवा, आजाऱ्याचा फोन आला की ते जातील. घरोघरी फिरली मी त्या थंडीत, लोकांनी तोंडावर दारं लावली. ग्लोरियाला खरंच नर्स पाहिजे होती. मला, खरं सांगते, त्यांच्या हातातून काहीतरी हिसकावून घ्यायचं होतं.

कौन्सिलच्या मतदानाच्या संध्याकाळी लाल मिशीचा सभागृहातच भिंतीला टेकून उभा. माझी पाळी आली, तर मी कौन्सिलकडे नाही, त्याच्याकडे पाहून बोलली. म्हटलं, माझ्या मुलाला शर्ट मी घालून देते, त्याचा हात वर जात नाही, आणि यांना तुम्ही गाडी देऊन राहिले? त्यानं मान खाली घातली. एका मतानं जिंकलो. गाडी गेली, पोलिसांच्या नव्या जागा गेल्या, त्याची बढती त्यातलीच होती म्हणे, तीही गेली. बाहेर चीफ म्हणाला, मॅम, आता समाधान झालं? मी म्हटलं, नाही. दुसऱ्या दिवशी सांबारवडी तळली, आमची नागपूरची कोथिंबिरीची, आणि शाळेत वाटली. ग्लोरिया रागावली, हा सण आहे का म्हणे. मी म्हटलं, माझा आहे.

मागच्या हिवाळ्यात निखिल पुन्हा बिघडला, बाथरूमची कडी लावून बसला. फोन केला तर त्याच पैशातली साधी पांढरी व्हॅन आली, ना सायरन ना बंदूक. एक नर्स पोरगी आली, दाराबाहेर फरशीवर बसली, त्याच्याशी बास्केटबॉलचंच बोलत राहिली, दुपार गेली तिची. मग कडी उघडली. देव तिचं भलं करो, लेकराबाळांसकट.

हे म्हणाले, झालं नं, आता तरी सोड. कशी सोडू? यंदा चीफ पैसे परत मागून राहिला, पुढच्या मंगळवारी सुनावणी आहे, मी जाणार. तो लाल मिशीचा आहे अजून नोकरीत, ग्रोसरीत मी दिसली की ट्रॉली वळवतो. त्यालाही मी आशीर्वादच देते. लांब आयुष्य मिळो बाप्पा त्याला, खूप लांब, आणि डोकं शेवटपर्यंत शाबूत राहो. त्या सकाळची एकही गोष्ट विसरायला नको.