मोठी अक्षरं

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक नवरा-बायको बसले होते. नवऱ्याच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घातले होते, त्यामुळे तो डोळे मिटूनच बोलत होता.

"बंदरावर आम्हाला ते हातात धरायचं मशीन दिलंय ना, कंटेनरचे नंबर तपासायला? ते बनवणाऱ्या कंपनीची बाई आली होती. नवं मॉडेल करायचंय, तुम्हाला काय बदलून हवंय, असं विचारत होती."

"मग काय सांगितलंत?"

"म्हटलं, उन्हात स्क्रीन दिसत नाही."

"उन्हात?"

"डोळे अधू झालेत म्हटलं असतं, तर साहेबांनी घरी बसवलं असतं."

"बरं, पुढे?"

"तिला शंका आली असावी. आभाळ भरून आलं होतं, त्या दिवशी ती परत आली. सगळ्यांच्या हातात मशीन देऊन म्हणाली, वाचा. एकेकाचा हात लांब लांब जायला लागला. साहेबांचा तर सगळ्यांत लांब."

"म्हणजे तेही?"

"तेही. तिनं हसून वहीत टिपून घेतलं. परवा नवं मशीन आलं. आदळलं, भिजलं तरी चालतं, पण आम्ही खूश आहोत ते अक्षरांवर. ही एवढाली. मग वाटलं, आता तुला सांगायला हरकत नाही."

"मला ठाऊक होतं. वर्षभर रोज सकाळी पेपर मला मोठ्यानं वाचायला लावत होतात, ते काय माझा आवाज गोड म्हणून?"

"तेही होतंच की थोडं."

"थोडं?"

"चष्मा आला, तरी पेपर तूच वाच."