दसऱ्याची चकाकी

हसा खुशाल, पण मला अजून लाज वाटते. दसऱ्याला सिंगापुरात, आमच्या सेंगकांगच्या कारपार्कमध्ये मी स्वतः बाइकच्या चेनला तेल दिलं. दुसऱ्या दिवशी बायकोला मागे बसवून मलेशियात मलाक्काला निघायचं होतं. ब्रेकच्या चकत्या कळकट दिसल्या, म्हणून त्याही तेलाच्या फडक्याने लख्ख पुसल्या. मग झेंडूचा हार घातला.

पूजेला शेजारचे सावंतकाका आले होते. जहाजावरचे इंजिनिअर. चकतीवर बोट फिरवून म्हणाले, "हे काय लावलंयस?"

"तेल. चमकतंय ना?"

"चमकतंय. आता ब्रेक लागणार कसा?"

आरतीचं ताट धरून उभी असलेली बायको शांतपणे म्हणाली, "हार टाकू नकोस हं. माझ्या फोटोला लागेल."