सुजाताचं वेळापत्रक

अगं, कॉलेजातली माझी मैत्रीण सुजाता, तासगावची. पहिल्या वर्षी उन्हाळी परीक्षेत तिचे दोन विषय राहिले. वडील म्हणाले, "जमत न्हाई तर सोड." ती रडतच आमचे विषय ठरवून देणाऱ्या मॅडमकडे गेली. त्यांनी विचारलं, "मार्चमध्ये घरी काय असतं?"

"बेदाण्याच्या शेडवर असते मी, द्राक्षं वाळवायला, दिवसभर."

मॅडमनी पुढचे अवघड ऐच्छिक विषय पावसाळी सत्रात घ्यायला लावले, हलके उन्हाळीत. राहिलेलेही सुटले. सुजाता आमच्याबरोबरच पदवीधर झाली.

यंदा वडील तिच्या धाकट्या भावाला घेऊन मॅडमकडे आले. "मॅडम, ह्याचंबी वेळापत्रक तसंच बसवून द्या."

"हा शेडवर जातो?"

"न्हाई वं, त्याचा अभ्यास असतो की!"

सुजाता शेजारीच उभी होती. म्हणाली, "मग ह्याला सगळे अवघडच द्या, मॅडम."