डावखुरा व्हायोलिनवाला

...आणि फोनवरचा माणूस मला विचारतो काय, तर 'साहेब, चूक अस्सल आहे का?' सकाळचे साडेनऊ, अर्ध्या गालाला साबण, फोनला फेस लागलेला, आणि हा विचारतोय चूक अस्सल आहे का! आता तुम्हीच सांगा, चूक कधी अस्सल असते का हो? सोनं अस्सल असतं, मध असतो, रेशीम असतं... चूक ती चूक! मी म्हटलं, 'कसली चूक?' तर म्हणाला, 'डावखुरा व्हायोलिनवाला.'

तुम्हाला सांगतो, वस्तरा बेसिनमध्ये पडला.

का, ते सांगतो. अडतीस वर्षांपूर्वी मी एका छापखान्यात होतो. गाण्याबजावण्याच्या रेकॉर्डी असायच्या ना, काळ्या, ताटाएवढ्या? त्यांची पुठ्ठ्याची कव्हरं आम्ही छापायचो. माझं काम निगेटिव्ह लावायचं. फोटोची निगेटिव्ह काचेवर सरळ लावायची, तिच्यावरून प्लेट बनते, प्लेट मशीनवर चढते आणि धडाधड कव्हरं पडायला लागतात. निगेटिव्ह पालथी लागली की फोटो उलटा, आरशात बघितल्यासारखा. बस, एवढंच! डोळे झाकून करावं असं काम. आणि त्या दिवशी मी ते डोळे झाकूनच केलं म्हणायचं, कारण पाच वाजता फाटकापाशी एक मुलगी येणार होती. आता ती माझी बायको आहे, रोज घरातच असते, पण तेव्हा ती यायची होती हो! सगळं लक्ष घड्याळाकडे. लावली निगेटिव्ह, मारली चिकटपट्टी, धुतले हात, पळालो!

चार दिवसांनी कळलं. कव्हरावर एक नावाजलेले व्हायोलिनवादक होते, चांगले उजव्या हातानं वाजवणारे. छापून आले ते गज डाव्या हातात, व्हायोलिन उजव्या खांद्यावर आणि कोटाची बटणं बायकांच्या बाजूला! नाव तेवढं सरळ, कारण नावाची निगेटिव्ह शिट्टीनं लावली होती. शिट्टी म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरचा. दिवसभर शिट्टी वाजवत काम करायचा म्हणून सगळे त्याला शिट्टीच म्हणायचे. आणि चूक पकडली कोणी? रेकॉर्ड कंपनीनं? नाही! त्या वादकांच्या बायकोनं! 'हे कोण गृहस्थ?' म्हणे. तोवर दोनशे कव्हरं दुकानांत गेली होती. उरलेल्यांचा लगदा केला.

मालकांनी सगळ्यांना मशीनपाशी उभं केलं. मालक तसे मऊ, पण त्या दिवशी लालबुंद. 'कोणी केलं हे? कोणी?' मी तोंड उघडलं. खरंच उघडलं, तुम्हाला खोटं सांगत नाही! पण शब्द बाहेर यायच्या आत शिट्टीनं हात वर केला. 'मी केलं.' आणि मी... मी तोंड मिटलं. महिन्यावर लग्न आलं होतं हो! दुपारी शिट्टी डबा काखेला मारून फाटकातून बाहेर पडला. मी खिडकीतून बघत होतो. जाताना शिट्टी वाजवत होता. मला वाटलं, केवढं काळीज म्हणायचं या माणसाचं!

तिथपासून अडतीस वर्षं मी त्याला टाळत आलो. तो समोरून दिसला की मी पलीकडच्या फुटपाथवर. पलीकडे फुटपाथ नसेल तर मी चपलांच्या दुकानात. अशा माझ्याकडे चपला किती झाल्या विचारू नका! बायको म्हणायची, 'अहो, पाय दोनच आहेत ना तुम्हाला?' चूक एकदाच झाली, पण चपला अडतीस वर्षं घेतोय!

तर तो फोनवरचा. जुन्या रेकॉर्डींचा पारखी निघाला. म्हणाला, 'अशी चुकलेली कव्हरं हौशी लोक वाटेल ती किंमत देऊन घेतात. सरळ छापलेलं कोणी रद्दीतही घेत नाही.' ऐका! जन्मभर जे नीट छापलं ते रद्दी, आणि जे बिघडवलं त्याला किंमत! 'पण हल्ली लोक खोट्या चुका करतात हो. संगणकावर फोटो उलटा करायचा, छापायचा, जुन्या पुठ्ठ्यावर डकवायचा. तुमच्याच छापखान्यातले एक जण कव्हर घेऊन आलेत, ते म्हणतात साक्षीला तुम्हाला बोलवा.' मी विचारलं, 'कोण?' तो म्हणाला, 'ते म्हणाले, नुसतं शिट्टी सांगा.'

झालं! मला कळून चुकलं. अडतीस वर्षांनी मला पकडायला कव्हर घेऊन आलाय! जेवण गेलं, झोप गेली. शेवटी बायकोला म्हटलं, 'एका जुन्या कव्हराचं काम आहे, तासाभरात येतो.' ती म्हणाली, 'मी पण येते, माझी चप्पल तुटलीय, वाटेत घेऊ.' नाही कसं म्हणणार? चपलांच्या बाबतीत मला बोलायला तोंड आहे का?

पारख्याचं दुकान दुसऱ्या मजल्यावर. अरुंद जिना, वर एक लांबट खोली, भिंतीला खोकीच खोकी आणि चारपाच गिऱ्हाइकं रेकॉर्डी चाळतायत. पण शांतता अशी, की माझ्या पायातली नवी चप्पल करकरली तर सगळ्यांनी वळून बघितलं. टेबलामागे पारखी, डोळ्याला घड्याळजीसारखं भिंग. आणि टेबलापुढे शिट्टी... केस पांढरे, पाठीला बाक. मला बघून ओरडलाच, 'बारक्या! केवढा सुटलास रे!'

ओरडला म्हणजे रागानं नव्हे. त्याला ऐकू येत नाही! पार बहिरा झालाय. म्हणाला, 'दोन्ही कान गेले. आत बसवायची यंत्रं आहेत म्हणे चांगली, पण काय किंमत सांगतात! म्हटलं हे कव्हर तरी विकून बघावं.' अहो, मला पकडायला आलाय असं मी समजत होतो, आणि हा कानासाठी आला होता!

पारख्यानं काम सुरू केलं. आधी कव्हराचा वास घेतला. मग पुठ्ठ्याची कड अंगठ्यानं चाचपली. मग भिंगातून फोटो बघत म्हणाला, 'छपाईचे ठिपके स्वच्छ आहेत. नक्कल असती तर ठिपक्यावर ठिपका चढून चिखल झाला असता.' मी मान डोलावली. 'डिंकही जुना आहे.' मी मान डोलावली. मग म्हणाला, 'आता घडी उघडू.'

माझी मान तिथंच थांबली!

कारण त्या घडीत काय असतं, ठाऊक आहे? निगेटिव्ह लावणारा कोपऱ्यात ब्लेडनं आपली खूण करायचा. शिट्टीची फुली, माझा त्रिकोण. छापल्यावर तो कोपरा आत दुमडला जातो, वरून कागद चिकटतो, कोणाला दिसत नाही. पण उघडलं की दिसणार! मी म्हटलं, 'नका हो उघडू, कागद फाटेल, किंमत उतरेल!' तर पारखी बायकोकडे वळून म्हणाला, 'यांना यातलं बरंच कळतं.' आणि यानं पातळ सुरी काढली! सुरी कडेपाशी गेली, कागद किंचित उचलला, आणि तुम्हाला सांगतो, माझ्या तोंडून निघून गेलं. अडतीस वर्षं घशात अडकलेलं, हलक्या आवाजात, मान खाली घालून म्हटलं, 'शिट्टी... ती चूक माझी होती.'

शिट्टी म्हणाला, 'काय?'

'चूक माझी होती.'

'दूध? नको, आत्ताच चहा झाला.'

आता काय करावं माणसानं? पश्चात्ताप हा हळू आवाजात करायचा असतो ना हो? मी त्याच्या कानाला तोंड लावलं आणि बोंबललो, 'चूक माझी होती! निगेटिव्ह मी पालथी लावली! तुझी नोकरी माझ्यामुळे गेली!' सगळी गिऱ्हाइकं थिजली. एकाच्या हातातली रेकॉर्ड खोक्यात परत पडली. बायको माझ्याकडे बघतेय. आणि शिट्टी... शिट्टी हसायला लागला. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसला!

'अरे, मालकांनी सगळ्यांना उभं केलं ना, त्याच दिवशी सकाळी मला कळलं होतं. प्लेटवर त्रिकोण बघितला आणि मालकांच्या हातात जायच्या आत घासून टाकला.'

मी ओरडलो, 'का?'

'का म्हणजे? मेव्हण्यानं रेकॉर्ड प्लेयर दुरुस्तीचं दुकान काढलं होतं, मला भागीदार हो म्हणून मागे लागला होता. मी चार वेळा राजीनामा दिला मालकांना. चारही वेळा मालक रडले. तू मुलासारखा आहेस म्हणायचे आणि ढसाढसा! माझ्यानं कागद परत घ्यायला हात पुढे केल्याशिवाय राहवायचं नाही. मला कोणीतरी हाकलून द्यायला हवं होतं रे! तू ते कव्हर उलटं छापलंस आणि मी सुटलो. तीस वर्षं छान दुकान चाललं माझं. मी तुझे आभार मानायला किती वेळा हाक मारली, तू सारखा चपलांच्या दुकानात!'

मी मटकन खुर्चीत बसलो. काय वाटलं म्हणून सांगू... पाठीवरचं पोतं कोणीतरी उतरवून ठेवावं आणि आपल्याला तेव्हा कळावं की पाठ आपली आहे! हसू आलं, रडू आलं, दोन्ही एकदमच. शिट्टीनं माझा हात धरला होता, आणि पारखी सुरी हातात घेऊन बिचारा वाट बघत होता.

तेवढ्यात बायको म्हणाली, 'म्हणजे त्या दिवशी? मी फाटकाशी येणार होते, त्या दिवशी?' मी म्हटलं, 'हो गं, तुला भेटायच्या घाईत...' तर म्हणते कशी, 'घाई? अहो, चाळीस मिनिटं उन्हात उभी होते मी! घाईत चूकही केलीत आणि तरी उशिरा आलात?' मी केस विंचरत होतो हो, छापखान्याच्या न्हाणीघरात!

मग पारख्यानं घडी उघडली. पिवळट पुठ्ठ्यावर, कोपऱ्यात, एवढासा त्रिकोण. माझा! खरं सांगतो, आपल्या हातचा तरुणपणीचा ओरखडा बघून मला त्या चुकीचं जरा प्रेमच आलं. पारखी भिंग काढून म्हणाला, 'सुंदर!' सुंदर म्हणे! त्यानं चिठ्ठीवर आकडा लिहून शिट्टीपुढे सरकवला. शिट्टीनं चष्मा पुसला, पुन्हा वाचला, दोन बोटं वर केली. दोन्ही कानांची यंत्रं येतात म्हणून! आणि त्या शांत दुकानात, त्या वयात, पठ्ठ्यानं शिट्टी वाजवली. पार बेसूर. त्याला कुठे ऐकू येतंय!

पण काम संपलं नव्हतं. पारखी म्हणाला, 'विकत घेणाऱ्याला लेखी दाखला लागतो.' आणि टाइप केलेला कागद पुढे केला, दोन प्रतींत. 'मी, खाली सही करणारा, लिहून देतो की सदर चूक माझ्याच हातून, पूर्ण शुद्धीत झाली असून ती अस्सल आहे.' चूक कधी अस्सल असते का हो? असते! सहीशिक्क्यासह असते! मी दोन्हीकडे सही ठोकली. अशी झोकदार सही मी लग्नाच्या नोंदणीतही केली नव्हती. एक प्रत पारख्याला, एक मला. शिट्टीला घरापर्यंत सोडला, पुढच्या रविवारी त्याच्याकडे जेवायचं ठरलं. रात्री नऊलाच अशी गाढ झोप लागली, की विचारू नका.

सकाळी उठून बाहेर येतो, तर हॉलमध्ये भिंतीपाशी बायको, हातात फ्रेम. माझी प्रत! मी म्हटलं, 'अगं, हे कशाला? येणारेजाणारे वाचतील!' तर म्हणाली, 'वाचू देत. एवढ्या वर्षांत चूक तुमची होती असं तुम्ही पहिल्यांदाच लिहून दिलंय.'

काय करता? स्टूल मीच धरलं.