बारा वळूंचे केस आणि एक सही

मी, खाली सही करणारी, वय २७ वर्षे, व्यवसाय जनावरांच्या जात-तपासणी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ, राहणार सख्ख्या काकांच्या घरी, वरचा मजला, आज शुक्रवारी सायंकाळी साडेपाच वाजता स्वतःहून पोलीस ठाण्यात येऊन सांगते ते असे:

सोमवारी पशुपैदास संघाकडून बारा पाकिटे आली. प्रत्येकात एकेका वळूच्या शेपटीचे, मुळासकट उपटलेले केस असायला हवेत. मुळातून आम्ही पंधरा जनुकीय खुणा वाचतो. त्यांवरून वळू शुद्ध जातीचा की संकरित ते ठरते. नमुने घेणारे म्हणून काकांची सही होती. ते संघाचे तपासनीस आहेत.

मंगळवारी निकाल आला. बाराही शुद्ध, पण बाराही पाकिटांत पंधराच्या पंधरा खुणा सारख्या. सख्ख्या भावंडांतही असे होत नाही. केस एकाच वळूचे होते.

त्या दिवशी जेवताना मी काकांना विचारले. ते म्हणाले, "अगं, बाकीचे लाथा झाडतात. तो थोरला बिचारा उभा राहतो. सगळे एकाच जातीचे, मग केस कुणाचेही घेतले म्हणून काय बिघडलं?"

मी म्हटले, "मग तपासायला कशाला पाठवले?"

"तुला सायकल मी शिकवली, आता तू मला शेपटी धरायला शिकव," ते म्हणाले. काकू हसल्या. मी नमुने पुन्हा घ्यायला सांगितले. ते हात धुवायला उठले.

बुधवारी 'नमुने नाकारले' असा अहवाल लिहून मी टेबलावर ठेवला. दुपारी एक वाजता काका माझा डबा घेऊन आले. एरवी तो मी स्वतः नेते. मी दहा मिनिटे आतल्या खोलीत यंत्रापाशी होते. कोरे दाखले आणि शिक्का बाहेर उघड्यावर होते. ती चूक माझी. परत आले तेव्हा डबा होता. काका नव्हते, अहवालही नव्हता.

गुरुवारी संघाच्या चिटणीसांनी दाखला मिळाल्याचे फोनवर सांगितले. मी जाऊन पाहिला. बाराही वळू शुद्ध, असे त्यावर आहे. सही माझ्या नावाची आहे, मी केलेली नाही. ती करताना मी कोणाला पाहिलेले नाही. अक्षर काकांचे आहे. माझ्या शाळेच्या प्रगतिपुस्तकांवर पालक म्हणून तेच लिहीत.

त्याच दुपारी संघाच्या गोठ्यावर तिथल्या राखणदाराच्या मदतीने एकेक वळू खोड्यात उभा करून मी केस घेतले. दीड तास लागला. एक लाथ बसली. आज निकाल आला: सात शुद्ध, पाच संकरित. उद्या सकाळी आठला बाराही वळू पैदाशीसाठी गावोगाव रवाना होतील. या जातीची शुद्ध जनावरे चारशेच्या आत उरली आहेत. वासरे झाल्यावर चूक मागे घेता येत नाही. वळू थांबवावेत.

घरातल्या घरात मिटवणार का, असे साहेबांनी विचारले. नाही. इकडे येत असल्याचे मी काकांना सांगून आले आहे. जेवायला थांबायचे का, एवढे काकूंनी विचारले.

हवालदारांनी जबाब मोठ्याने वाचला. 'सही गैरसमजातून झाली असावी' हे वाक्य मी सांगितलेले नव्हते; ते खोडून शेजारी सही केली. उरलेले सर्व मी सांगितले तसेच आहे.