विष्णूचा कच्चा हात

विलायतेहून शिकून आलो तेव्हा मी हक्कांशिवाय दुसरं काही बोलतच नसे, आठवतं ना? तेव्हाच कळलं, की दाजीकाकांच्या बंदरावरच्या पेढीत आपल्या विष्णूची कारकुनीची शिकाऊ उमेदवारी तिसऱ्यांदा वाढली. त्याला सांगून आलेल्या संगमेश्वरच्या मुलीचे वडील तर अडून बसलेले, आधी कायम हो, मग लग्न. मी विष्णूला ओढतच पेढीवर नेलं.

"काका, उमेदवारी वाढवायची तर कारण लेखी द्या. त्याचा हक्क आहे तो."

"पत्रं लिहिण्यात हात कच्चा आहे त्याचा!"

"मग तसं लिहून द्या."

"देतो की! भितो काय तुला? विष्ण्या, घे कागद. 'तुझा हात कच्चा असल्याने उमेदवारी वाढवली आहे.' नीट मांड."

विष्णूने मुकाट्याने लिहिलं. काकांनी चष्मा चढवला. "वा! काय अक्षर, काय मांडणी! काना-मात्रेची चूक नाही!"

"मग कच्चं काय आहे, काका?"

काकांनी टाक उचलला. त्यांनी 'कच्चा' खोडून 'पक्का' लिहिलं आणि सही ठोकली.

तेवढ्यात विष्णू पहिल्यांदाच बोलला, "काका, पुढे 'वाढवली' आहे, त्याचं 'संपली' करा."

काका हसत सुटले. "मेल्या, आता झालास पक्का!"