डॅनियलचा मलिदा

१९८८, परदेशातल्या डेव्हन ॲव्हेन्यूवरचं देशी वाणसामानाचं दुकान. रांगेत माझ्यापुढे दोघे मराठी बोलत होते.

"रूबेन, एवढे पोहे? अख्ख्या अलिबागला जेवायला घालतोस काय?"

"मलिद्याला, त्र्यंबककाका. आम्ही बेने इस्रायली प्रवासाआधी पोह्यांचा हा गोड प्रसाद करतो. माझा डॅनियल उद्या इस्रायलला जातोय, आर्मी जॉइन करायला."

"थांबव त्याला."

"का? आम्हा ज्यूंचं घर आहे ते."

"इंग्रजांनी अरबांनाही तेच सांगितलं होतं. एकच जमीन दोघांना कबूल केली. भांडण पेटल्यावर आम्हा हिंदी शिपायांना बंदुका देऊन मध्ये उभं केलं आणि साहेब मागे चहा पीत बसला."

"तुम्ही होतात तिथे?"

"हैफाला, पंचेचाळीस साली. अरबांची पोरं दगड मारत होती, आत्ता मारतायत तशीच."

"मग काय केलंत?"

"हुकूम होता तेच. डॅनियलही तेच करेल."